चावीची आगगाडी

मास्तरांनी घरातली चावीची आगगाडी संग्रहालयाच्या बालपण दालनाला देऊन टाकली, तेव्हा तिथल्या बाई हरखूनच गेल्या.

"तुमच्या वयाची गाडी आणि अंगावर एक ओरखडा नाही! नाहीतर लोकांकडून येतात ती खेळणी म्हणजे चाकं निखळलेली, रंग उडालेला. किती जपलंत हो!"

"मी कसलं जपतोय? वडिलांनी जपली."

"चालते का अजून?"

"चालत असावी," मास्तर म्हणाले.

दालन उघडलं त्या दिवशी ते एकटेच गेले. शेजारच्या एका कानाच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या लाकडी घोड्याकडे आधी बराच वेळ बघत राहिले. मग आपल्या गाडीकडे वळले. ती काचेच्या कपाटात ऐटीत उभी होती. खाली पाटी होती : 'एका मुलाचे आवडते खेळणे'. मास्तर वाकले, आणखी वाकले.

"आजोबा, काचेला नाक लावू नका!" पहारेकरी खेकसला.

मास्तर दचकून मागे सरले. काचेवर नाकाचा ओलसर ठसा उमटला होता. इकडेतिकडे बघत त्यांनी तो शर्टाच्या बाहीने घाईघाईने पुसून टाकला. लहानपणी घरच्या कपाटाची काच पुसायचे तसाच, वडील यायच्या आत.