गादीचा गुण

"मेट्रनबाई, सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही," गादीवाले आजोबा म्हणाले. "पण ही पोर झोपलेली नाही. माझ्या गादीनं तिला झोपवलंय."

त्यांची नात अर्धवट शिवलेल्या गादीवर गाल टेकून पडली होती. दाभण हातात तसंच होतं आणि दोरा बोटांतून सुटून खाली लोंबत होता. भर सकाळची वेळ. समोरच्या दुकानात पत्रा ठोकत होते, त्या दणदणाटातही तिची पापणी हलत नव्हती.

मेट्रनबाई दोन कामं घेऊन आल्या होत्या. नर्सिंगच्या होस्टेलला गाद्या हव्या होत्या, आणि नर्सिंगच्या वर्गात एक जागा उरली होती. नातीचे मार्क चांगले होते. पण मुलाखतीच्या दिवशी ती बाहेरच्या बाकावर पेंगताना बाईंनी पाहिली होती. तेव्हा गाद्याही बघू आणि मुलगीही बघू, म्हणून त्या स्वतः आल्या. तर मुलगी ही अशी.

"तिथंही झोपलीच होती," बाई म्हणाल्या.

"तिथं कशावर होती? गादीवरच ना?"

"लाकडी बाक आहे तो."

"मग कपड्यांना चिकटलेला कापूस असणार," आजोबा जराही न अडखळता म्हणाले. "धुतलं तरी जात नाही हो ते."

सगळी गल्ली त्यांना थापाडे आजोबा म्हणे. दिवसभर गाद्यांवर थापा मारतो म्हणून नाव पडलं, असं ते सांगत, तीही थापच. पण एरवीच्या थापा गादी खपावी म्हणून असत. आजची तशी नव्हती. नातीला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या, जिथं अडकतील तिथं ठणका लागायचा. काल रात्रभर तिचे गुडघे ठणकत होते. आणि ठणका नसेल त्या रात्री ती कितीही झोपली, तरी सकाळी अंगात काही उरलेलं नसे. मुलाखतीत हे कुणी विचारलं नाही. आपण होऊन सांगायचं नाही, असं आजोबांनीच तिला बजावलं होतं.

त्यांनी बाईंकडे स्टूल सरकवलं.

"मागं एक चोर आला होता. हीच गादी, म्हणजे ह्या गादीची थोरली बहीण. त्यानं ती डोक्यावर घेतली आणि दारातच उभ्या उभ्या घोरायला लागला. शिपायानं चोराला गादीसकट चौकीत नेलं. पुरावा म्हणून गादी टेबलावर ठेवली आणि सहज टेकला. गेला! त्याला उठवायला हवालदार आला, तोही गेला. हवालदाराला उठवायला साहेब आले."

"तेही गेले?"

"बुटांसकट! चौकी अशी घोरत होती, की समोरच्या शाळेनं भूकंप समजून सुट्टी दिली. शेवटी सगळ्यांत आधी जागा झाला चोर. झोपला आधी होता ना! त्यानं बाहेरून कडी लावली, आणि 'दिवस वाईट आहेत, चोर मोकाट फिरताहेत, दारं नीट लावत जा,' असं शेजाऱ्यांना बजावून घरी गेला."

बाईंना हसायचं नव्हतं, तरी त्या हसल्या. मग चष्मा काढून पदरानं पुसला.

"आजोबा, माझ्या वॉर्डात रात्री एकच नर्स असते. तिचा डोळा लागला, तर संपलेलं सलाईन कुणाला दिसत नाही."

नातीचे डोळे उघडले. डोळ्यांतलं पांढरं पिवळसर झालेलं होतं. मान तिनं उचलली नाही. तेवढं बळ अजून आलं नव्हतं. बाईंना ती दिसू नये म्हणून आजोबा मुद्दाम मध्ये उभे होते, त्यामुळे तिच्याकडे पाठ असलेल्या त्यांनाही ती जागी झाल्याचं कळलं नाही.

"इथंच तर गादीचा गुण आहे!" त्यांचा आवाज चढला. "चोर उठला तो वीस वर्षांनी लहान होऊन. ही तशीच. घटकाभर झोपते आणि उठते ती कशी, नुसती ताजीतवानी! मग बघा. कापूस पिंजेल, गादी भरेल, खांद्यावर टाकून जिने चढेल, आणि वरून ओरडेल, आजोबा, दुसरी कुठाय? हिला रात्रपाळीच द्या, बाई. दिवसा माझ्या गादीवर झोपू दे, मग रात्री डोळा मिटला तर नाव बदलीन."

"कुठलं? थापाडे?"

"तेच."

बाईंनी शेजारच्या गादीवर तळवा दाबला. कापूस खाली गेला आणि हळूहळू वर आला. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिला.

"बरं," त्या म्हणाल्या. "गाद्या सोमवारी पाठवा. आणि मुलीलाही त्याच गाडीतून..."

"खोटं आहे ते."

आजोबा वळले नाहीत. बाईंनीच त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"जागी आहेस होय? अगं, मला का कळत नाही? अख्खी चौकी कशी घोरेल!"

"चौकी घोरली असेल," नात पडल्या पडल्याच म्हणाली. "मी झोपून ताजीतवानी उठते, ते खोटं आहे."