बिल्ल्यावरचा आकडा

किरणोत्सारी औषध टोचलं की रुग्णापासून दोन मीटर लांब सरायचं, हा तिथल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञ ताईंचा पहिला धडा. रुग्णालयाच्या त्या विभागात ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कोणाच्या अंगावर किती किरण पडले ते छातीवरचा बिल्ला मोजायचा, आणि महिनाअखेरीस सगळ्यांचे आकडे यायचे. नव्या शिकाऊ मुलीचा आकडा आला शून्य.

"वीस वर्षांत मला कधी शून्य जमलं नाही," ताई म्हणाल्या. "काम करतेस, की नुसतं अंग चोरतेस?"



तेवढ्यात तपासणीला आलेल्या आजी दारातून डोकावल्या. "हीच ती पोर! मागच्या खेपेला त्या मशीनखाली माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटपर्यंत हात धरून बसली होती बिचारी."

ताईंनी मुलीच्या टेबलाचा खण उघडला. मुलीचा बिल्ला आजही तिथंच पडला होता. त्यांनी तो उचलून स्वतःच्या हातानं तिच्या ॲप्रनला लावला.

"हात धरायचा तर हा लावून धर. तुला कधी थांबवायचं, ते मला कळायला नको?"