जेवणाच्या सुट्टीतला विषय

हणमंतने डबा उघडला आणि बाकावरची चौघं एकदम आपापल्या डब्यात बघू लागली. बिस्किटांच्या कारखान्यात नऊ वर्षं या बाकावर जेवताना एकच विषय असायचा: सुपरवायझरला शिव्या. सोमवारपासून सुपरवायझर तोच होता.

प्रशिक्षणात शिकवलं होतं, 'टीमशी संवाद साधा.' तीन दिवस त्याने प्रत्येकाच्या घरची खुशाली विचारली. "बरं हाय, साहेब," एवढंच उत्तर यायचं. न विचारता त्याच्या डब्यातली चटणी उचलणारी तुळसाक्कासुद्धा साहेब म्हणाली.

आज घास गिळून तो म्हणाला, "ह्यो नवा सुपरवायझर लई माजलाय."

चौघांचे घास थांबले. मग तुळसाक्काचा हात त्याच्या चटणीकडे सरकला. "लईच. पर त्याला सांगू नगंस."

"मी कशाला सांगतोय?" हणमंत म्हणाला. "त्याच्याशी बोलतंय कोण?"