या कोण?

दुपारी फोन आपोआप अपडेट झाला आणि शिवांजलीच्या फोटोंमधले चेहरे त्यानं वेगवेगळ्या गोलांत लावले. सासूबाई, लेक प्रांजल, मिलिट्रीतला नवरा. चौथ्या गोलात नुसती भिंत होती. खाली विचारलं होतं, 'या कोण?'

तिनं तो गोल उघडला. इस्लामपूरच्या या घरात काढलेल्या प्रत्येक फोटोत, प्रांजलच्या मागच्या रिकाम्या जागेभोवती चौकोन होता.

तिनं मोबाइलच्या कंपनीला फोन लावला.

"तितं कोणबी न्हाई वो. काढून टाका ते."

"मॅडम, नव्या नियमानुसार त्या व्यक्तीची परवानगी लागते. थांबा, विचारतो."

शिवांजलीनं प्रांजलला जवळ ओढलं.

आतल्या खोलीत फोन वाजू लागला. घरात दुसरा फोन नव्हता.

तिसऱ्या रिंगला तो कुणीतरी उचलला.