हजार किलोमीटर

शेषराव मास्तरांची स्कूटर गावातली एकुलती एक, पण जऊळक्याचा चढ आला की धापा टाकायची. मग मास्तर खेकसायचे, "उतर!" आणि त्यांची बायको पंचफुला मागून धूर खात पायी चढ चढायची. शेवटी तिनंच हातातले चांदीचे गोठ मोडायला दिले, आणि सैफुद्दीन मिस्त्रीनं सिलिंडरचा बोर मोठा करून त्यात नवा पिस्टन बसवला.

"आता डबलसीट बसा खुशाल," मिस्त्री म्हणाला. "पण पह्यले हजार किलोमीटर एकट्यानंच चालवा. नव्या पिस्टनले ओझं सोसत नाही."

पंचफुला रोज स्कूटर पुसायची आणि मीटर पाहून किती झाले ते मोजायची. हजार भरले त्या संध्याकाळी ती ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

स्कूटर एका दमात चढ चढून आली. मागच्या सीटवरून मुंडावळ्या बांधलेली नवरी उतरली.

"पाहून काय राह्यली? ओवाळ हिले," मास्तर म्हणाले.

पंचफुलानं ताट आणलं, नवरीला कुंकू लावलं आणि हळूच विचारलं,

 

"चढावर उतरा लागलं का वं तुले?"