अस्वलाचं मत

"पोराला पार्कात न्यायचं योग्य वय कोणतं?" बायकोनं पुन्हा विषय काढला, तसा नवरा तज्ज्ञाचा आव आणून बोलू लागला. तीन वर्षांची पोरं तिथलं अस्वल बघून भोकाड पसरतात. पाच वर्षांची त्याच्या नडगीवर लाथा घालतात. आठ वर्षांची तर आत कोण आहे ते बघायला मुंडकंच उपटतात. थोडक्यात काय, पोराला मिशी फुटेपर्यंत थांबावं.

त्याला हे ठाऊक असणारच, कारण पार्कातलं ते अस्वल म्हणजे सोंग चढवलेला तोच होता. पोराला मात्र त्यानं सांगून ठेवलं होतं की बाबा ऑफिसात मोठा साहेब आहे.

रविवारी बायकोनं त्याला न विचारता पोराला सरळ पार्कात आणलं. केसाळ कातड्यात घामानं निथळणाऱ्या अस्वलाची पाचावर धारण बसली. पोरगं धावत आलं, तशी त्यानं लाथ खायची तयारी ठेवली. पण पोरानं लाथ घातली नाही, भोकाडही पसरलं नाही. त्यानं पायाला घट्ट मिठी मारली. फोटोसाठी अस्वल खाली वाकलं आणि त्याचा गुडघा कट्टकन वाजला, घरी पोराचा घोडा होताना वाजतो तसाच.





पोरगं त्याच्या केसाळ कानात कुजबुजलं, "बाबा, ओळख दाखवायची नाही असं आईनं सांगितलंय. आणि येताना दूध आण."