मूठभर रोझमेरी

रोझमेरीची एकच फांदी हिरवी उरली होती. बाकीचं झुडूप हात लावताच झडून गेलं.

ती कुंडीकडे बघत खिडकीशी उभी राहिली. कुंडी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. थाइम, ओरेगॅनो, सेज, खिडकीतली सगळीच रोपं तिची. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा कपाटं रिकामी केलेली होती, पण कुंड्यांना कुणी हात लावला नव्हता. तिनेही फक्त पाणी घातलं. बहुधा जरा जास्तच.

आणि आज नेमका स्टू करायचा होता.

नवऱ्याची मुलगी तेरा वर्षांची. उद्धट असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पण पोरगी नीट बोलायची, ताटातलं चिवडायची आणि भूक नाही म्हणून उठायची. दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. तिला काही हवं असलं तर हाक न मारता समोर येऊन उभी राहायची.

तोडगा नणंदेने सुचवला. पहिली वहिनी पांढऱ्या घेवड्याचा स्टू करायची, तो करून बघ म्हणाली. नवऱ्याला विचारलं तर त्याने हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, तसा स्टू पुन्हा कुणाला जमायचा नाही, पण पोरीसाठी कर. कृती त्याला पाठ होती. कांदा, लसूण, टोमॅटो, घेवडा, आणि अगदी सुरुवातीपासून मूठभर रोझमेरी. मूठ चांगली भरलेली हवी.

दुकानात रोझमेरी संपली होती. परत येईपर्यंत शाळा सुटायची वेळ झाली, आणि बेत बदलावा तर सकाळीच सगळ्यांना सांगून बसलेली.

शेवटी तिने ती एकुलती फांदी तेलात टाकली, वास सुटल्यावर काढून घेतली. उरलेली कसर थाइमने भरली. उतरवताना हातावर ओरेगॅनो चोळून घातला, आणि धीर होईना म्हणून थोडी लिंबाची सालही किसली. चव बरी लागत होती. पण बरी लागून काय उपयोग? मेलेल्या माणसाच्या हाताची चव आणायची होती. कुंडी तिने मोरीत लपवून ठेवली.

जेवायला बसल्यावर मुलीने पहिला घास घेतला आणि थांबली. बापाकडे पाहिलं. बापाने खाली ताटात पाहिलं. तिच्या मनात आलं, आता पोरगी उठणार, खोलीचं दार लागणार, आणि या घरातलं आपलं पाऊल कायमचं उंबऱ्याबाहेर राहणार.

मुलीने दुसरा घास घेतला. मग तिसरा. मग पावाने ताटली पुसून घेतली आणि पुढे केली. बापाने आपलीही त्याच्याशेजारी सरकवली.

तिने दोन्ही ताटल्या काठोकाठ भरल्या. कितीतरी दिवसांनी तिला स्वतःलाही भूक लागली.

जेवणं झाल्यावर नवरा भांडी घेऊन आत आला. त्याचे डोळे ओलसर होते. "यापुढे असाच करत जा," एवढंच म्हणाला आणि लगबगीने बाहेर गेला. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. म्हणजे जमलं. एका फांदीवर निभावलं. देवच पावला.

मागोमाग मुलगी ताटल्या घेऊन आली. ताटल्या ठेवल्या तरी जाईना. तेव्हा तिला राहवलं नाही. कुंडी मोरीतून काढून तिने समोर ठेवली. झुडूप माझ्या हातून मेलं, म्हणाली, रोझमेरी पुरेशी नव्हती, म्हणून जे होतं ते घातलं. मग तिने विचारलं, "आईसारखा नाही झाला ना?"

"नाही."

मुलीने मान वळवून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. बाप टीव्ही लावून बसला होता. तरी तिने आवाज खाली आणला.

"आईचा कुण्णाच्या घशाखाली उतरायचा नाही, मावशी. बाबांनाच तेवढा जिवापाड आवडायचा, म्हणून मी इतकी वर्षं गिळला. त्यांना सांगू नकोस."